फोटोतले जयसिंगराव

"बाबा, हे तुम्ही नाही," रणवीर म्हणाला आणि त्याने मोबाईल माझ्या ताटासमोर, आमटीच्या वाटीला टेकवून उभा केला.

रविवारची दुपार होती. सर्जापूर रोडवर माझ्या मुलीचा, हर्षिताचा, अकराव्या मजल्यावर फ्लॅट आहे. महिन्यातून एक रविवार आम्ही बनशंकरीहून तिथे जेवायला जातो. रणवीर माझा जावई. पुण्याचा. त्याला जेवताना डाव्या हाताने काहीतरी शोधायची सवय आहे, आणि त्या दिवशी त्याने माझी जमीन शोधली होती. सरकारच्या पीक-पाहणीच्या ॲपमध्ये सर्व्हे नंबर घातला की सगळं येतं म्हणे. आलंच होतं: दोन एकर, पीक शेवंती, शेतकऱ्याचं नाव जयसिंगराव बिन हंबीरराव, आणि त्याखाली फोटो. फोटोत गुडघाभर शेवंतीत एक माणूस उभा होता. मास्क हनुवटीवर ओढलेला, उजवा हात छातीवर, जणू कोणीतरी विचारलंय आणि तो सांगतोय की हो, मीच तो. तो आमच्या शेतावरचा नागराज होता. तारीख जून २०२०.

"अप्पा, लॉकडाऊनमध्ये तुम्ही एवढे बारीक झाला होता होय?" हर्षिता म्हणाली.

"आणि केस बघ की," माझी बायको रत्नाबाई म्हणाली. "एवढे केस यांना लग्नात पण नव्हते."

सगळे हसले. मीही हसलो. चौतीस वर्षं कारखान्याच्या अकाउंट्स सेक्शनमध्ये काढलेला माणूस कधी हसायचं ते चुकत नाही. घास मात्र तोंडात तसाच फिरत राहिला. फोटोखाली माझं नाव इतकं स्वच्छ छापलेलं होतं की क्षणभर मला वाटलं, नागराज बरोबर आहे आणि ताटावर बसलेला हा जो कोणी आहे त्याचीच चौकशी व्हायला हवी. मी वाटीतली आमटी संपवली. आता मोबाईल कलंडेल अशी आशा होती. कलंडला नाही.

"हसण्यासारखं नाहीये, बाबा," रणवीर म्हणाला. "इट्स अ रिस्क. पंधरा तारखेला प्लॉट पाडणारे लेआउटवाले जमीन बघायला येतायत. हा माणूस उद्या म्हणाला की मीच कसतो, तर प्रूफ आपल्याकडे नाही, त्याच्याकडे आहे. जिओ-टॅग केलेलं. सरकारी." मग त्याने उठून एक कागद आणला. वकिलाकडून करून घेतलेला, कन्नडात; रणवीरला कन्नड वाचता येत नाही, पण कागदाची किंमत त्याला भाषेशिवाय कळते. "यावर त्याची सही घ्या. की तो फक्त रोजंदारीवर काम करतो, त्याचा जमिनीवर काही हक्क नाही. नावाची जागा मोकळी आहे, मला त्याच्या वडलांचं नाव माहीत नव्हतं. तेवढं भरून सही. बस."

"नागराज कशाला असलं काही म्हणेल?" रत्नाबाई म्हणाली.

"आई, कोणीच म्हणत नाही. रेट कळेपर्यंत."

मीही माणसं अशीच वाचतो.

नागराज एकोणीस वर्षं माझी जमीन कसतो. हे वाक्य मी आयुष्यात कधी कागदावर लिहिलेलं नाही. मी भाजीतली कोथिंबीर लिहितो, रिक्षावाल्याने परत न दिलेले दोन रुपये लिहितो, आमच्या घरातल्या कुठल्याही वर्षाचं कुठल्याही दिवशीचं दूध सांगू शकतो. पण मालूरच्या अलीकडच्या त्या दोन एकरांपुढे नागराजचं नाव माझ्या कुठल्याच वहीत नाही. आमच्याकडे, या कन्नड मुलखात, शेत खंडाने दुसऱ्याला देता येत नाही. दिलं की कसणाऱ्याचं होतं, अशी माझ्या वडलांच्या काळातली भीती. हंबीररावांनी आठ एकरांतले सहा एकर असेच जाताना पाहिले होते, नुसते जाताना नव्हे, नेणाऱ्याला चहा पाजून. वकील सांगतात, आता कोणी तसं मागू शकत नाही, मुदती कधीच संपल्या. पण भीतीला मुदत घालून देणारं ऑफिस अजून निघालेलं नाही. उरलेल्या दोन एकरांसाठी हंबीररावांनी मग एक रीत घातली, ती अजून चालू आहे. कसणारा वर्षातून दोनदा घरी येतो, पाय धुतो, आणि नोटा विड्याच्या पानात गुंडाळून देवघराच्या फळीवर ठेवतो. हातात देत नाही. आम्ही हातात घेत नाही. त्याला आम्ही खंड म्हणत नाही, तोही म्हणत नाही. दोघंही म्हणतो, देवाचं. तो गेला की मी पान उलगडतो, मोजतो, आणि वहीत लिहितो: देवाचं, इतके. देवाचा पत्ता कोणी विचारत नाही.

परतताना कॅब मिळायलाच वीस मिनिटं लागली, आणि मिळाल्यावर ती सर्जापूर रोडवर तशीच उभी राहिली. पुढे कुठेतरी रस्ता खणलेला होता. काचा बंद, एसी चालू, आणि ड्रायव्हरने आरशाला शेवंतीची सुकलेली वेणी बांधलेली. "स्वल्प जाम आहे सर," तो म्हणाला. पाऊण तास झाला तरी स्वल्पच होता. मांडीवर तो कागद, प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये. त्या वेणीचा वास येत होता, किंवा येत नसेल, मला येत होता. एप्रिल २०२० मध्ये नागराजने फोन केला तेव्हा तो पहिलं वाक्य हेच बोलला होता, "अण्णा, वास येतोय." नागराज माझ्याशी कन्नडात बोलतो, पण माझ्या डोक्यात ते मराठीतच जमा होतं. मार्केट बंद, देवळं बंद, लग्नं बंद. शेवंती तेवढी बंद नव्हती. "तोडली नाही तर झाड बसतं, अण्णा. तोडली तर ठेवायची कुठं? रोज सकाळी आम्ही दोघं तोडतो आणि बांधावरच्या चरात ओततो. चंपा म्हणते, निदान ओवून टाकूया. ओवून टाकली की टाकल्यासारखं वाटत नाही." चंपा म्हणजे नागराजची बायको. बनशंकरीत मी तेव्हा खिडकीच्या आत होतो, पोलीस खिडकीच्या बाहेर. मी म्हणालो, बघूया. दोन एकर शेवंती चरात जात होती आणि मी बघूया म्हणालो.

मग सरकारने जाहीर केलं की फूलवाल्यांना हेक्टरी मदत. हेक्टरी म्हणजे जमिनीला, आणि जमिनीला म्हणजे पहाणीवरच्या, इथल्या सातबाऱ्यावरच्या, नावाला. पाहणीला माणूस शेतावर येणार होता. मला जाता येत नव्हतं, पास नव्हता, आणि खरं सांगायचं तर साठीच्या माणसाला पास न मिळणं तेव्हा सोयीचंही होतं. नागराजने विचारलं, "त्याने नाव विचारलं तर काय सांगू?"

"माझं सांग."

"आणि फोटो काढतो म्हणाला तर?"

"तर उभा राहा की!" मी चिडून म्हणालो होतो. हे चिडणं मला कॅबमध्ये शब्दासकट ऐकू आलं. पाच वर्षं ते ऐकू आलं नव्हतं. ताटावर बसून मी हसलो तेव्हाही नव्हतं. म्हणजे फोटोतला तो छातीवरचा हात मीच ठेवलेला होता, लांबून, फोनवरून. आणि नागराजला माझं नाव काही नवीन नव्हतं. सोसायटीचं खत, ठिबकचा अर्ज, बोअरच्या मोटारीची सबसिडी, प्रत्येक कागदाला मालकाची सही लागते. सुरुवातीला मी बसने जायचो. मग एकदा त्यानेच म्हटलं, "अण्णा, एवढ्यासाठी कशाला येता, मी घालतो की." मीच त्याला आमच्या हॉलमध्ये बसवून, कोणाच्या तरी लग्नपत्रिकेच्या पाठीवर, माझी कन्नड सही शिकवली. शेवटच्या अक्षराखाली एक आडवी रेघ आणि तिच्याखाली दोन टिंबं. पत्रिका भरली तोवर त्याचं टिंब माझ्यापेक्षा गोल यायला लागलं होतं.

"काय हो, कुठला हिशेब चाललाय?" शेजारून रत्नाबाई म्हणाली. "ओठ हलतायत."

"काही नाही. उतरून चालत गेलो तर किती वेळ लागेल ते बघत होतो."

"आधी दार उघडतंय का बघा," ती म्हणाली. खरंच, माझ्या बाजूला एक टेम्पो इतका चिकटून उभा होता की दार बोटभरही उघडलं नसतं.

पैसे त्याच वर्षी पावसाळ्यात आले. वीस हजार दोनशे. मेसेज आला तेव्हा मी लसूण सोलत होतो. बोटांना वास होता म्हणून नाकाने स्क्रीन वर ढकलली. ते पैसे माझे नव्हते हे मला त्याच क्षणी माहीत होतं. हिशेबाच्या माणसाला पैसा आला की आधी त्याचं खातं दिसतं, मग आकडा. मी ठरवलं, नागराजला द्यायचे. पण कसे? बँकेतून पाठवले तर त्याच्या नावापुढे माझी रक्कम कायमची छापली जाणार: शेतीची मदत मालकाकडून अमक्याला, का बरं? चेकचंही तेच. हातात दिले तर हातात देण्याची रीत पडणार, आणि हंबीररावांची सगळी इमारत त्या एका रितीवर उभी. मी चार महिने विचार केला. मग दसऱ्याला नागराज देवाचं घेऊन आला. त्याने पान फळीवर ठेवलं. मी आधीच त्या फळीवर, हळदी-कुंकू लावून, एक पाकीट ठेवलं होतं, शेजारी केळी. सकाळीच वहीत लिहून टाकलं होतं: प्रसाद, २०,२००. मला स्वतःचं कौतुक वाटत होतं. त्याने विचारलंही, "अण्णा, ते फोटोचे पैसे आले का?"

"आले," मी म्हणालो. "प्रसाद घे."

त्याने कुंकू लावून घेतलं. केळी घेतली, दोन. पाकिटाकडे पाहिलं आणि हात जोडले. त्या फळीवरचा पैसा त्याच्या हयातीत कधी बाहेरच्या दिशेने गेलेला नव्हता. आधी त्याचे वडील कसायचे, त्यांच्याही हयातीत नव्हता. तो चपला घालत होता तेव्हा एक वाक्य पुरलं असतं: अरे, पाकीट तुझं आहे. माझ्या तोंडात ते तयार होतं. मी ते गिळलं नाही, थुंकलंही नाही. तिथेच ठेवून दार लावलं. आणि दार लावताना जे वाटलं त्याला मी आजवर वेगवेगळी नावं दिली, संकोच, गोंधळ, रीत. कॅबमध्ये, टेम्पोच्या चाकाकडे बघताना, त्याचं एकच नाव उरलं. बरं वाटलं होतं.

वहीतली नोंद मी उलटवली नाही. चौतीस वर्षांच्या नोकरीत आणि चाळीस वर्षांच्या संसारात ती एकच खोटी नोंद. पुढच्या वर्षी सरकारने पुन्हा दिले, या वेळी आठ हजार शंभर. पहिले पैसे ठेवून घ्यायला मला चार महिने लागले होते, दुसरे चार मिनिटांत ठेवले. दोन्ही मिळून अठ्ठावीस हजार तीनशे. त्याच सुमाराला रत्नाबाईची कंबर धरली म्हणून वॉशिंग मशीन घेतलं, सत्तावीस हजार नऊशे नव्वद. शिल्लक तीनशे दहा. ते कशात गेले ते मात्र मला सांगता येत नाही, आणि मला सांगता येत नाहीत असे तेवढेच तीनशे दहा रुपये जगात आहेत.

सोमवारी सकाळी दहाला नागराज आला. मार्केटमध्ये माल टाकून रिकाम्या क्रेटसह आला की तो टेम्पो कोपऱ्यावर लावतो आणि चालत येतो. पायरीवर पाय धुतले. हातात केळीच्या पानाचा पुडा. "चंपाने दिलंय अक्कांना. दोन मोळ." कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत एक मोळ, तशी इथे ओवलेली फुलं मोजतात. देवळाच्या गल्लीतल्या बायकांचा मोळ मनगटातच संपतो. चंपाचा बोटं संपल्यावर आणखी चार बोटं जातो. मी कितीदा तरी टेपने मोजलाय.

रत्नाबाईने चहा ठेवला आणि मागच्या बाजूला मशीन लावून देवळात निघून गेली. हॉलमध्ये आम्ही दोघं. मशीनमध्ये पाणी भरत होतं. मी फोल्डर उघडला, कागद टीपॉयवर ठेवला आणि वाचायचा चष्मा नसल्यासारखा खिसा चाचपत बसलो.

"कसला कागद अण्णा?"

"रणवीरचं काहीतरी. ऑफिसात लागतो म्हणे."

नागराजला कन्नड नीट वाचता येतं. हे मी विसरलो नव्हतो. फक्त तो वाचणार नाही असं धरलं होतं. त्याने कागद उचलला, खिडकीकडे धरला आणि बोट न लावता, ओठ न हलवता, वरपासून खालपर्यंत वाचला. मशीनने ढवळायला सुरुवात केली. त्याने कागद पुन्हा टीपॉयवर ठेवला, अगदी होता त्याच कोनात.

"कूली लिहिलंय," तो म्हणाला. कूली म्हणजे इकडे रोजंदारीचा मजूर, आणि त्याची मजुरीही.

"वकिलांची भाषा असते रे ती."

"जमीन विकताय?"

"रणवीर म्हणतोय. पंधरा तारखेला माणसं येणार आहेत बघायला. नुसती बघायला."

"शेवंती आताच लावलीय. आयुधपूजेला तोडणीला येते." त्याने चहा बशीत ओतला. "या वेळी पांढरीपण लावलीय. चंपाचं आपलं खूळ."

मशीन एका बाजूने वळलं, थांबलं, दुसऱ्या बाजूने वळलं. सही झाली तर पंधरा तारखेनंतर त्याला एक गुंठाही राहणार नव्हता, भरपाई नाही, काही नाही, कारण कूलीला भरपाई नसते. सही झाली नाही तर रणवीर स्वतः येणार होता, वकिलाला घेऊन, आणि मला शेजारी बसावं लागणार होतं. दोन्ही रकान्यांची बेरीज मी रात्रभर करून पाहिली होती. दोन्हीकडे मी बसलेलोच होतो, याच खुर्चीत.

"अण्णा," नागराज म्हणाला, "एकोणीस वर्षांची कूली किती होते हो? तुम्ही हिशेबातले."

मी त्याच्याकडे पाहिलं. तो हसत होता. "चंपाची धरून सांगा. बाईमाणसाची कमी धरा हवी तर."

मीही हसलो. पण माझं डोकं माझं ऐकत नाही. हसता हसता त्याने दिवस गुणायला घेतले, अमावास्येच्या सुट्ट्या वजा केल्या, दर वर्षी मजुरी वाढवली, लॉकडाऊनच्या महिन्यांशी येऊन अडखळलं, कारण चरात ओतायला तोडलेल्या फुलांची मजुरी धरायची की नाही ते ठरेना. आकडा लाखांत गेला तेव्हा मी तो तिथेच सोडला.

"थट्टा केली," नागराज म्हणाला. "पेन द्या."

मी पेन दिलं. ते द्यायला माझा हात जितक्या लवकर गेला तितक्या लवकर तो पाकिटाकडे कधी गेला नव्हता. त्याने कागद गुडघ्यावर घेतला, खाली एक मासिक धरलं. वर नावाची मोकळी जागा होती, खाली सहीची. पेन वरच्या जागेवर टेकवून तो थांबला आणि मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावर ना राग होता ना थट्टा. खताच्या सोसायटीच्या खिडकीशी उभा असताना असतो तसा चेहरा, काम नीट व्हावं, पुन्हा खेप पडू नये एवढाच.

"कुठलं नाव घालू अण्णा? माझं का तुमचं?"

मागे मशीनने पाणी सोडलं. मोरीत ते बराच वेळ जात राहिलं. एकोणीस वर्षांत हा प्रश्न त्याने पहिल्यांदा विचारला होता. आजवर प्रत्येक कागदावर त्याने न विचारता माझं घातलं होतं, आणि आज पहिल्यांदाच मला त्याचं हवं होतं. एकच शब्द. तुझं. त्याच्या नावाच्या शेजारी तो सर्व्हे नंबर जगात पहिल्यांदा लिहिला जाणार, आणि तोही तिथे त्याचं काही नाही हे सांगायला. मी तोंड उघडलं. तिथे ते दसऱ्याचं वाक्य अजून बसलेलं होतं, पाच वर्षं जुनं, आणि त्याच्या मागून नवीन काही येईना.

"नेहमीचंच," मी म्हणालो.

चांगुलपणाने म्हणालो असं मी म्हणणार नाही. दुसरा शब्द बाहेर आला नाही, एवढंच.

"सरी," नागराज म्हणाला, म्हणजे बरं. त्याने वर नाव भरलं, वडलांचं नावसुद्धा, बिन हंबीरराव. मग खाली सही केली. रिटायर झाल्यापासून माझी सही ढिली पडलीय, रेघ देतो, टिंबं विसरतो. त्याने दोन्ही टिंबं दिली. गोल. मग चहाची बशी आत मोरीत नेऊन ठेवली, येताना देवघरापाशी थांबून नुसते हात जोडले, आणि चपला घालताना म्हणाला, "पंधराला मीच उभा राहू ना शेतावर? का तुम्ही येताय?"

"फोन करतो," मी म्हणालो.

तो गेल्यावर मी चष्मा लावला. तो खिशातच होता. कागद वाचला, वकिलाची भाषा, खूप स्वच्छ कन्नड. मी, जयसिंगराव बिन हंबीरराव, शपथपूर्वक लिहून देतो की वरील जमिनीत मी केवळ कूली म्हणून सांगितलेलं काम करत आलो आहे. या जमिनीवर किंवा तिच्यातून येणाऱ्या कुठल्याही रकमेवर माझा कसलाही हक्क नाही, नव्हता आणि पुढेही राहणार नाही. खाली सही. कुठल्याही बँकेत चालली असती.

मोबाईल वाजला. रणवीर. झाली का सही?

मशीन आता पिळायला लागलं होतं. टीपॉयवर मोकळा कप बारीक थरथरत पुढे सरकत होता. मी तो धरला नाही. एका बोटाने, अक्षर अक्षर शोधत, लिहिलं: झाली.